मधल्या बाकावरचा वकील : आर्लेन स्पेक्टर यांची राजकीय कारकीर्द

आर्लेन स्पेक्टर १९८१ ते २०११ अशी सलग ३० वर्षे अमेरिकेच्या सिनेटमध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याचे प्रतिनिधी होते. त्या राज्यातून इतका दीर्घ काळ सिनेटवर राहिलेला दुसरा कोणी नाही. पाच निवडणुका त्यांनी रिपब्लिकन पक्षाकडून जिंकल्या. सहाव्या वेळी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षात जाऊन उमेदवारी मागितली, पण ती मिळाली नाही. राजकारणाची सुरुवातही त्यांनी पक्ष ओलांडूनच केली होती, फक्त उलट दिशेने. एवढ्यावरून त्यांना आयाराम-गयारामांच्या रांगेत बसवणे सोपे आहे, आणि दोन्ही पक्षांतल्या अनेकांनी ते केलेही. मात्र या दोन उड्यांच्या मधली ४४ वर्षे पाहिली, तर हा माणूस इतक्या सहज निकालात काढता येत नाही. स्पेक्टर यांचा मध्यममार्ग ही विचारसरणी नव्हती, ती सरकारी वकिलाची सवय होती. पुढ्यात येणारा प्रत्येक प्रश्न म्हणजे नवा खटला. मागच्या खटल्यात कुणाची बाजू घेतली होती, याचा या खटल्याशी संबंध नाही. ज्या राजकीय व्यवस्थेत ही सवय चालून जात होती, ती त्यांच्या डोळ्यांदेखत मोडली, आणि त्यांची कारकीर्दही तिच्याबरोबर संपली.

त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९३० रोजी कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात झाला. वडील हॅरी स्पेक्टर हे युक्रेनमधून आलेले ज्यू स्थलांतरित. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यातून फ्रान्समध्ये लढले आणि जखमी झाले. त्या युद्धातल्या सैनिकांना सरकारने बोनस कबूल केला होता, पण तो देण्याची मुदत बरीच पुढची होती. महामंदीत हातातोंडाची गाठ पडेना, तेव्हा १९३२ मध्ये हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनवर चालून गेले आणि सरकारने त्यांच्यावर लष्कर घातले. वडिलांचा तो बोनस वसूल करायलाच आपण वॉशिंग्टनच्या वाटेला लागलो, असे स्पेक्टर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. राजकारण्याच्या तोंडी शोभून दिसणारी ही गोष्ट खरी, पण सरकारने दिलेला शब्द आणि सरकारी तिजोरी यांबद्दलची त्यांची चिकाटी पाहता ती नुसती भाषणासाठी रचलेली वाटत नाही.

हॅरी यांनी फिरस्ता विक्रेता म्हणून दिवस काढले आणि नंतर कॅन्ससमधल्याच रसेल या छोट्या गावात भंगाराचा धंदा केला. याच रसेल गावचे दुसरे सुपुत्र म्हणजे पुढे सिनेटमधले रिपब्लिकन नेते झालेले बॉब डोल. गावात ज्यू कुटुंबे जवळपास नव्हतीच. मुलीच्या लग्नाचे वय झाले तेव्हा ज्यू स्थळे मिळावीत म्हणून स्पेक्टर कुटुंबाने फिलाडेल्फियाला मुक्काम हलवला. अशा घरगुती कारणाने आर्लेन यांना ते शहर मिळाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९५१ मध्ये पदवी, दोन वर्षे हवाई दलाच्या तपास विभागात नोकरी आणि १९५६ मध्ये येल विद्यापीठाची कायद्याची पदवी, असे शिक्षण त्यांनी पुरे केले. १९५३ मध्ये त्यांनी जोन लेव्ही यांच्याशी लग्न केले. जोन पुढे स्वतः फिलाडेल्फियाच्या नगर परिषदेवर १६ वर्षे सदस्य होत्या.

फिलाडेल्फियात ते जिल्हा सरकारी वकील जेम्स क्रमलिश यांच्या कचेरीत साहाय्यक झाले. ट्रकचालकांच्या बलाढ्य टीमस्टर्स संघटनेच्या स्थानिक शाखेतील पुढाऱ्यांवर पैशांच्या अफरातफरीचा खटला त्यांनी चालवला आणि शिक्षा मिळवून दिल्या. तिशीतल्या या वकिलाचे नाव त्यामुळे वॉशिंग्टनपर्यंत पोचले.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. चौकशीसाठी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि त्याच्या साहाय्यक वकिलांमध्ये स्पेक्टर यांची निवड झाली. गोळीबार नेमका कसा झाला, हा भाग त्यांच्याकडे आला. त्यांच्या जोडीला न्यूयॉर्कचे माजी पोलीस आयुक्त फ्रान्सिस ॲडम्स हे ज्येष्ठ वकील होते, पण ते कामावर फारसे फिरकले नाहीत. त्यामुळे विसाव्या शतकातल्या सर्वाधिक चघळल्या गेलेल्या गुन्ह्याचा गाभा ३४ वर्षांच्या एका माणसाच्या टेबलावर येऊन पडला.

कोडे असे होते. केनेडी यांच्या मानेच्या मागच्या बाजूला गोळी शिरून गळ्यातून बाहेर पडली होती. त्यांच्या पुढच्या आसनावर बसलेले टेक्ससचे गव्हर्नर जॉन कॉनली यांच्या पाठीत, छातीत, मनगटात आणि मांडीत जखमा होत्या. घटनेची हौशी चित्रफीत आयोगाकडे होती आणि तिच्या चौकटी मोजून काळ काढता येत होता. संशयित मारेकरी ऑस्वाल्डच्या रायफलीला दोन गोळ्यांमध्ये कमीत कमी २.३ सेकंद लागत. दोघांच्या पहिल्या प्रतिक्रियांमधले अंतर त्याहून कमी वाटत होते. याचा अर्थ एकतर बंदूकधारी दोन होते किंवा दोघांना लागलेली गोळी एकच होती. डॉक्टरांच्या साक्षी, गोळीचा कोन आणि मोटारीतली आसनांची रचना तपासून स्पेक्टर यांनी दुसरा निष्कर्ष मांडला. मे १९६४ मध्ये डॅलसच्या रस्त्यावर प्रसंग पुन्हा उभा करून त्यांनी तो पडताळून पाहिला. ज्या खिडकीतून गोळ्या झाडल्या गेल्या, तिथे उभे राहून त्यांनी वॉरन यांना सारा युक्तिवाद समजावून सांगितला. वॉरन यांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

हाच तो एका गोळीचा सिद्धांत. टीकाकारांनी त्याची ‘जादूची गोळी’ म्हणून टर उडवली. खुद्द कॉनली यांना आपल्याला वेगळी गोळी लागली असेच वाटत राहिले आणि आयोगाच्या काही सदस्यांच्या मनातही शंका होत्या. केनेडी कुटुंबाच्या भावना जपण्यासाठी शवविच्छेदनाची छायाचित्रे वकिलांना पाहू न देण्याचा निर्णय झाला होता. स्पेक्टर यांनी त्याला लेखी हरकत घेतली, ती मानली गेली नाही, आणि संशयाला जागा राहिली ती बरीचशी याच कारणाने. १९७९ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने हत्येमागे कट असावा असे म्हटले, तरी एका गोळीचा निष्कर्ष मात्र तिनेही ग्राह्य धरला. १९९१ च्या ऑलिव्हर स्टोन यांच्या ‘जेएफके’ या चित्रपटात स्पेक्टर यांचे नाव घेऊनच त्यांच्यावर टीका झाली. त्यांनी आपले मत कधी बदलले नाही. पुढच्या साऱ्या आयुष्याचा नमुना इथेच दिसतो: पुरावा मांडायचा, त्यातून निघेल तो निष्कर्ष काढायचा, आणि तो कुणालाच आवडला नाही तरी तिथेच उभे राहायचे.

१९६५ मध्ये स्पेक्टर यांनी आपले जुने वरिष्ठ क्रमलिश यांच्याविरुद्ध जिल्हा सरकारी वकिलाच्या पदासाठी निवडणूक लढवली. अमेरिकेत हे पद लोकांच्या मतांनी भरले जाते. स्पेक्टर तोवर नोंदणीकृत डेमोक्रॅट होते. पण शहरावर त्या पक्षाच्या यंत्रणेची घट्ट पकड होती आणि तिच्यात त्यांना वाव नव्हता. तेव्हा नोंदणी डेमोक्रॅटिकच ठेवून ते रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर उभे राहिले, जिंकले, आणि मग रिपब्लिकन झाले. डेमोक्रॅट त्यांना ‘बेनेडिक्ट आर्लेन’ म्हणू लागले. बेनेडिक्ट आर्नल्ड हा स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांना जाऊन मिळालेला सेनानी, अमेरिकेचा सूर्याजी पिसाळच.

सरकारी वकील म्हणून त्यांनी दोन कारकिर्दी गाजवल्या. होतकरू तरुण वकील त्यांनी हेरून कचेरीत घेतले. त्यांपैकी एड रेंडेल पुढे शहराचे महापौर आणि राज्याचे डेमोक्रॅटिक गव्हर्नर झाले. मात्र वरची पायरी काही केल्या गाठता येईना. १९६७ मध्ये महापौरपदाची निवडणूक ते सुमारे ११ हजार मतांनी हरले. १९७३ मध्ये सरकारी वकिलाचे पदही गेले. १९७६ मध्ये सिनेटच्या उमेदवारीत जॉन हाइन्झ यांनी आणि १९७८ मध्ये गव्हर्नरपदाच्या उमेदवारीत डिक थॉर्नबर्ग यांनी त्यांना हरवले. ११ वर्षांत चार पराभव. दुसरा कुणी असता तर वकिलीत रमला असता. स्पेक्टर यांनी वकिली केली, पण मन तिच्यात नव्हते. १९८० मध्ये पिट्सबर्गचे माजी महापौर पीट फ्लाहर्टी यांना निसटत्या फरकाने हरवून, रेगन यांच्या लाटेत, ते सिनेटवर निवडून आले. त्या वेळी ते पन्नास वर्षांचे होते.

त्यांचे राजकारण कळायला त्यांचे राज्य कळावे लागते. पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व टोकाला फिलाडेल्फिया, पश्चिमेला पोलाद आणि कोळशावर वाढलेले पिट्सबर्ग, आणि मधे शेतीचा, डोंगरांचा, चर्चशी एकनिष्ठ असा विस्तीर्ण मुलूख. फिलाडेल्फियाभोवतीच्या चार उपनगरी जिल्ह्यांत एक खास प्रकारचा रिपब्लिकन मतदार राहत असे. करांच्या बाबतीत तो काटकसरी, गुन्हेगारीबाबत कडक, पण गर्भपाताचा निर्णय स्त्रीनेच घ्यावा असे मानणारा. स्पेक्टर हे या मतदाराचे हुबेहूब प्रतिनिधी होते. शिवाय ते फिलाडेल्फियाचे असल्याने तिथले डेमोक्रॅटही त्यांना मते देत, आणि त्यांच्या काही निवडणुकांत कामगार संघटना त्यांच्या पाठीशी राहिल्या. एकाच मतपत्रिकेवर एका पदासाठी एका पक्षाला आणि दुसऱ्यासाठी दुसऱ्या पक्षाला मत देणारे लोक तेव्हा पुष्कळ होते. मतदारांच्या याच सवयीवर स्पेक्टर पाच वेळा निवडून आले.

सिनेटमध्ये ते एकटे नव्हते. मेरीलँडचे चार्ल्स मथाएस, कनेक्टिकटचे लोवेल वायकर, ऱ्होड आयलंडचे जॉन चेफी, ऑरेगनचे मार्क हॅटफिल्ड आणि त्यांच्याच राज्याचे हाइन्झ अशा मवाळ रिपब्लिकनांचा एक गट होता. स्पेक्टर त्या गटातले सर्वांत लाडके मात्र कधीच नव्हते. त्यांचा स्वभाव काटेरी, बोलणे कोर्टातल्यासारखे आणि स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास अमाप होता. कर्मचारी त्यांना टरकून असत. ‘गुरगुरणारा आर्लेन’ हे टोपणनाव त्यांना वॉशिंग्टनने दिले आणि ते चिकटले. गुन्हेगारीवर ते कडकच राहिले. तीन गंभीर गुन्हे नावावर असलेल्या माणसाजवळ बंदूक सापडल्यास किमान १५ वर्षे शिक्षा देणारा १९८४ चा संघीय कायदा मुख्यतः त्यांचा.

त्यांची खरी रणभूमी सिनेटची न्यायविषयक समिती. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवतात, पण त्यांना सिनेटची संमती लागते, आणि त्यांची जाहीर झडती ही समिती घेते. १९८६ मध्ये रेगन यांनी अलाबामाचे जेफ सेशन्स यांना संघीय न्यायाधीशपदासाठी सुचवले, तेव्हा स्पेक्टर यांनी आपल्याच पक्षाच्या या उमेदवाराविरुद्ध समितीत मत दिले आणि नेमणूक अडली. पुढे सेशन्स स्वतः सिनेटर होऊन त्याच समितीत त्यांच्या शेजारी येऊन बसले.

१९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचे नाव आले. बोर्क हे प्रकांड पंडित. घटना लिहिणाऱ्यांना जे अभिप्रेत होते तेवढेच न्यायाधीशाने वाचावे, असा त्यांचा आग्रह. स्पेक्टर यांनी त्यांना तासन्‌तास प्रश्न विचारले. समानतेचे आणि अभिव्यक्तीचे जे हक्क न्यायालयांनी दशकानुदशके मान्य केले, ते या चौकटीत बसतात कसे, हा त्यांच्या उलटतपासणीचा धागा होता. अखेर त्यांनी विरोधात मत द्यायचे जाहीर केले. ५८ विरुद्ध ४२ मतांनी बोर्क पडले. सहा रिपब्लिकन त्यांच्या विरोधात गेले होते, त्यांत स्पेक्टर हे सर्वांत वजनदार, कारण समितीतली त्यांची तपासणी साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली होती. पुराणमतवादी रिपब्लिकनांनी हे त्यांना कधीच माफ केले नाही.

चार वर्षांनी उदारमतवाद्यांची पाळी आली. क्लॅरेन्स थॉमस यांच्या नेमणुकीच्या वेळी प्राध्यापक ॲनिटा हिल यांनी त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला. ऑक्टोबर १९९१ मध्ये त्या समितीपुढे साक्षीला आल्या. समितीत १४ सदस्य, चौदाही पुरुष, अध्यक्ष जो बायडेन. रिपब्लिकनांच्या वतीने उलटतपासणीची जबाबदारी स्पेक्टर यांनी घेतली. साक्षीतल्या विसंगती ते थंडपणे मोजत गेले आणि शेवटी त्यांनी हिल यांच्यावर धडधडीत खोटी साक्ष दिल्याचा आरोप केला. फौजदारी कोर्टात हा नेहमीचा डाव ठरला असता. पण समोरची स्त्री आरोपी नव्हती, ती पोलिसांत गेली नव्हती, आणि तिचे म्हणणे ऐकणाऱ्या कोट्यवधी स्त्रियांना ते आपल्या कचेऱ्यांतून ठाऊक होते. बोर्कच्या वेळी ज्या शैलीने स्पेक्टर मोठे झाले, तीच इथे अन्यायाचे हत्यार बनली. त्यांच्या कारकिर्दीवरचा हा सर्वांत काळा डाग आहे आणि तो पुसण्याचे त्यांचे नंतरचे खुलासे तोकडे पडतात. थॉमस ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाले.

त्याची किंमत १९९२ मध्ये चुकवावी लागणार असे दिसत होते. ती सुनावणी पाहून संतापलेल्या लिन येकल त्यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. स्पेक्टर यांनी राज्याचा कोपरान्‌कोपरा पालथा घातला आणि सुमारे तीन टक्क्यांच्या फरकाने जागा राखली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅट बिल क्लिंटन यांनी पेनसिल्व्हेनिया जिंकले होते. एकाच वेळी दोन्ही पक्षांना मते देणारे मतदार तेव्हा अजून होते.

१९९३ मध्ये त्यांच्या मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर ते लवकरच कामावर परतले आणि क्लिंटन यांच्या आरोग्य योजनेची गुंतागुंत दाखवणारा चौकटी-बाणांचा एक प्रचंड तक्ता त्यांनी तयार करवून घेतला. १९९४ च्या जानेवारीत बॉब डोल यांनी तो दूरचित्रवाणीवर दाखवला आणि योजनेचे हसे झाले. हेच स्पेक्टर १५ वर्षांनी ओबामा यांच्या आरोग्य कायद्याच्या बाजूने निर्णायक मत देणार होते.

१९९५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी नशीब अजमावले. धर्म आणि राजकारण वेगळे ठेवा, गर्भपातबंदी पक्षाच्या जाहीरनाम्यातून काढा, असे ते रिपब्लिकन मेळाव्यांत जाऊन सांगत आणि ख्रिस्ती उजव्या गटाच्या पुढाऱ्यांवर नावे घेऊन टीका करत. लोक हुर्यो उडवत. पैसा आटला आणि पहिल्या मतदानाआधीच, नोव्हेंबरमध्ये, ते बाहेर पडून आपल्या गाववाल्या डोल यांच्या मागे उभे राहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते सिनेटर हँक ब्राउन यांच्यासह भारत आणि पाकिस्तानात आले होते आणि पंतप्रधान नरसिंह राव व बेनझीर भुट्टो यांना भेटले होते. उपखंड अण्वस्त्रमुक्त करण्याच्या वाटाघाटी अमेरिकेने घडवून आणाव्यात, असे पत्र त्यांनी क्लिंटन यांना लिहिले. तीन वर्षांनी पोखरण आणि चगाई इथे अणुचाचण्या झाल्या.

क्लिंटन यांच्यावरच्या महाभियोगाचा निकाल १२ फेब्रुवारी १९९९ रोजी लागला. नेमका तो स्पेक्टर यांचा ६९ वा वाढदिवस होता. दोषी की निर्दोष, एवढेच दोन पर्याय होते. स्पेक्टर यांनी स्कॉटलंडच्या कायद्यातला तिसरा पर्याय उचलला आणि ‘सिद्ध झाले नाही, म्हणून दोषी नाही’ असे उत्तर दिले. नोंद निर्दोष अशीच झाली. दोन्ही बाजूंनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. पण साक्षीदारांना सिनेटमध्ये नीट बोलावलेच नाही तर पुरावा अपुराच राहणार, हा त्यांचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. राजकीय खटल्यात असा मुद्दा कुणाला नको असतो, इतकेच.

या सगळ्या गाजावाजापेक्षा टिकाऊ असे त्यांचे काम बऱ्याच प्रमाणात दुर्लक्षित राहिले. आरोग्य, शिक्षण आणि कामगार खात्यांचे पैसे वाटणाऱ्या उपसमितीचे अध्यक्षपद सिनेटमधल्या बहुमतानुसार त्यांच्याकडे आणि आयोवाचे डेमोक्रॅट टॉम हार्किन यांच्याकडे आलटून पालटून येई. अध्यक्ष कोणीही असो, दोघांचा अग्रक्रम एकच असायचा. राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा संशोधन निधी त्यांनी १९९८ ते २००३ या पाच वर्षांत दुप्पट करून घेतला. सुमारे साडेतेरा अब्ज डॉलरवरून तो २७ अब्जांवर गेला. कर्करोग, अल्झायमर, मधुमेह यांवरच्या असंख्य प्रयोगशाळांचा खर्च त्यातून निघाला. मूळपेशींवरच्या संशोधनाला संघीय पैसा मिळावा यासाठीही याच जोडीने सिनेटमध्ये विधेयक लढवले. ते मंजूर झाले तेव्हा जुलै २००६ मध्ये जॉर्ज बुश यांनी आपल्या कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार त्याच्यावर वापरला.

मग २००४ आले. प्रतिनिधिगृहाचे सदस्य पॅट टूमी यांनी पक्षाच्या उमेदवारीसाठी त्यांना आव्हान दिले. टूमी करकपातीचे कट्टर समर्थक आणि त्यांच्यामागे त्याच विचाराच्या संघटनांचा पैसा. पेनसिल्व्हेनियात उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत फक्त त्या पक्षाचे नोंदणीकृत मतदारच मत देऊ शकतात. स्पेक्टर यांना निवडून देणारे डेमोक्रॅट आणि अपक्ष तिथे कामाचे नव्हते. राष्ट्राध्यक्ष बुश आणि कट्टर पुराणमतवादी सहकारी रिक सँटोरम प्रचाराला धावून आले, म्हणून स्पेक्टर जेमतेम १७ हजार मतांनी वाचले. सार्वत्रिक निवडणूक मात्र त्यांनी आरामात जिंकली. घरातली परीक्षा बाहेरच्या परीक्षेपेक्षा कठीण झाली होती.

त्यानंतर न्यायविषयक समितीचे अध्यक्षपद ज्येष्ठतेने त्यांच्याकडे येणार होते. गर्भपाताचा हक्क उलटवू पाहणारे न्यायाधीश मंजूर होणे अवघड आहे, असे ते निकालानंतर बोलून गेले आणि पक्षात वणवा पेटला. बुश यांच्या उमेदवारांना खोडा घालणार नाही, अशी हमी दिल्यावरच पद हाती आले. २००५ च्या सुरुवातीला त्यांना हॉजकिन्स लिम्फोमा झाल्याचे निदान झाले. केमोथेरपी घेत, केस गेलेल्या अवस्थेत त्यांनी कामकाज चालवले आणि त्याच वर्षी सरन्यायाधीशपदासाठी जॉन रॉबर्ट्स यांची सुनावणी पार पाडली. पुढच्या जानेवारीत सॅम्युएल अलिटो मंजूर झाले. दोघांनाही स्पेक्टर यांनी मत दिले.

त्यांच्या मध्यममार्गाची खरी मर्यादा २००६ मध्ये दिसली. ग्वान्तानामोच्या कैद्यांना आपल्या अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येऊ नये, अशी तरतूद असलेले विधेयक आले. शेकडो वर्षांचा हक्क आपण मोडीत काढत आहोत, असे स्पेक्टर सभागृहात तळमळून बोलले आणि ती तरतूद वगळण्याची दुरुस्ती त्यांनी मांडली. ती ४८ विरुद्ध ५१ मतांनी पडली. त्यानंतर त्यांनी मूळ विधेयकाच्या बाजूनेच मत दिले! उरलेले न्यायालय निस्तरेल, असा त्यांचा हिशेब होता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती तरतूद खरोखरच रद्द केली. हिशेब बरोबर निघाला, पण जी गोष्ट घटनाबाह्य आहे असे स्वतःला वाटते, तिला मत देणाऱ्याचे धैर्य त्यातून सिद्ध होत नाही. बुश सरकारच्या विनापरवाना दूरध्वनी टेहळणीबाबतही आधी गर्जना आणि मग तडजोड, असाच क्रम राहिला.

गंभीर प्रश्नांच्या जोडीला हलकेफुलकेही काही असे. फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचे ते निस्सीम चाहते होते. २००८ मध्ये न्यू इंग्लंड संघाने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणांचे चोरून चित्रण केल्याच्या प्रकरणात त्यांनी अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगच्या आयुक्तांनाच जाब विचारला. सिनेटला दुसरी कामे नाहीत काय, असे विचारणाऱ्यांना त्यांनी दाद दिली नाही.

फेब्रुवारी २००९ मध्ये, आर्थिक अरिष्टाच्या ऐन भरात, ओबामा सरकारचे ७८७ अब्ज डॉलरचे मदत विधेयक सिनेटमध्ये आले. विरोधकांचा अडथळा ओलांडायला ६० मते लागत होती. मेन राज्याच्या सुझन कॉलिन्स आणि ऑलिम्पिया स्नो यांच्यासह तिसरे रिपब्लिकन मत स्पेक्टर यांनी दिले आणि त्या बदल्यात आरोग्य संशोधनासाठी आणखी १० अब्ज डॉलर पदरात पाडून घेतले. एकेकाळच्या मवाळ गटातले आता एवढेच उरले होते. पेनसिल्व्हेनियातल्या रिपब्लिकन मतदारांत संतापाची लाट उसळली. टूमी पुन्हा रिंगणात उतरले आणि चाचण्यांत खूप पुढे दिसू लागले. त्यात भर म्हणजे आदल्या वर्षी, ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्या चुरशीत मत देता यावे म्हणून, राज्यातल्या दोन लाखांहून अधिक रिपब्लिकनांनी आपली नोंदणी डेमोक्रॅटिक करून घेतली होती. त्यांतले बरेचसे उपनगरांतले, म्हणजे स्पेक्टर यांचे हक्काचे मतदार.

२८ एप्रिल २००९ रोजी त्यांनी पक्ष सोडला. रिपब्लिकन पक्ष फार उजवीकडे गेला आहे, असे कारण त्यांनी दिले. आपल्या २९ वर्षांच्या कामाचा निवाडा रिपब्लिकन प्राथमिक मतदारांच्या हाती द्यायची तयारी नाही, हेही स्पष्ट सांगितले. २००१ मध्ये व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स यांनी रिपब्लिकन पक्ष सोडून सिनेटचे बहुमत उलटवले होते. तेव्हा असे पक्षांतर रोखणारा नियमच करावा, अशी मागणी करणारे सिनेटर होते आर्लेन स्पेक्टर. विरोधकांनी याची आठवण करून द्यायला वेळ लावला नाही.

नव्या घरात स्वागत झाले, पण पाटावर बसवले नाही. ओबामा आणि जुने मित्र बायडेन यांनी पाठिंबा जाहीर केला. सिनेटमधल्या डेमोक्रॅटांनी मात्र त्यांची ज्येष्ठता मान्य केली नाही आणि २९ वर्षांचा अनुभव असलेला हा सदस्य समित्यांमध्ये शेवटच्या खुर्चीवर गेला. रिपब्लिकनांच्या बाजूने त्यांची न्यायविषयक समितीतली जागा मिळाली ती जेफ सेशन्स यांना. २४ डिसेंबर २००९ रोजी आरोग्य कायदा सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाला. साठ मतांमध्ये एकही जास्तीचे नव्हते, म्हणजे स्पेक्टर यांच्याविना तो कायदा त्या रूपात झाला नसता.

डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी माजी नौदल अधिकारी आणि प्रतिनिधिगृहाचे सदस्य जो सेस्टॅक उभे राहिले. पक्षश्रेष्ठींच्या विनवण्यांना ते बधले नाहीत. प्रचाराच्या शेवटी त्यांनी एक जाहिरात चालवली. तिच्यात स्पेक्टर स्वतःच्या तोंडाने सांगत होते की पक्ष बदलल्यामुळे आपल्याला पुन्हा निवडून येता येईल. त्या स्पष्टवक्तेपणावर वेगळे भाष्य करायची गरजच नव्हती. १८ मे २०१० रोजी सेस्टॅक ५४ विरुद्ध ४६ टक्के मतांनी जिंकले. नोव्हेंबरमध्ये सेस्टॅक यांना दोन टक्क्यांनी हरवून टूमी सिनेटवर गेले. मधला माणूस बाजूला झाल्यावर राज्य जवळपास निम्मे-निम्मे दुभंगलेले उरले.

डिसेंबरमधल्या निरोपाच्या भाषणात स्पेक्टर यांनी आपल्याच सहकाऱ्यांना प्राथमिक निवडणुकीत पाडायला निघालेल्या सिनेटरांना नरभक्षक म्हटले. २०१२ मध्ये आलेल्या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावही ‘लाइफ अमंग द कॅनिबल्स’ असेच आहे. शेवटच्या दिवसांत ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कायदा शिकवत आणि अधूनमधून क्लबांमधून विनोदी एकपात्री कार्यक्रम करत. कर्करोगाने तिसऱ्यांदा गाठले आणि १४ ऑक्टोबर २०१२ रोजी फिलाडेल्फियात वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, टूमी निवडणुकीला उभे राहिले नाहीत आणि ती जागा डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन फेटरमन यांनी जिंकली. फिलाडेल्फियात २०२१ मध्ये उभारलेल्या राष्ट्रीय स्क्वॉश केंद्राला स्पेक्टर यांचे नाव देण्यात आले आहे. सिनेटच्या धबडग्यातही हा खेळ ते जवळपास रोज खेळत असत.